बाळाला घरी ठेवून ये

रुखमाबाईसमोर तान्हं लेकरू निजवू नये, असा वस्तीतल्या बायांचा अनुभव होता. मूल कुठे डोळा लावतंय न लावतंय तोच ही बाई येणार, वाकणार आणि त्याच्या नाकाखाली बोट धरणार. तेवढ्यावर भागलं तर नशीब. श्वास जरा मंद वाटला की तळपायाला टिचकी मारणार, मग पोट्टं किंचाळून उठलंच म्हणून समजा. आया वैतागायच्या. एखादी तोंडाळ बाई म्हणायचीही, की रुखमाबाई, तुले काही कामधंदा नाही काय वं, निजू दे ना त्याले. पण मूल रडायला लागलं की रुखमाबाईचा चेहरा सुटायचा. ती तिथेच टेकायची, पदरानं मान पुसायची आणि ते रडणं ऐकत बसायची.

बायांना कारण ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं त्यांना वाटायचं. रुखमाबाईनं एकेकाळी आपल्या तान्ह्या मुलाला अफू जास्त चाटवली आणि तो उठलाच नाही, हे साऱ्या वस्तीत जाहीर होतं. जाहीर कसं नसेल? तिची पोटची पोरगी जयवंता, अंगणवाडीची बाई, दर महिन्याला मातांच्या सभेत उभी राहून हेच तर सांगायची. खरं काय घडलं ते मात्र एकट्या रुखमाबाईला माहीत होतं. जयवंताला ते कधीही कळू नये, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं. दुसरं काही मागायची तिची हिंमतही नव्हती.

ती मूळची पारशिवनीकडच्या खेड्यातली. नवरा धोंडबा गवंड्याच्या हाताखाली काम शिकला, आणि पासष्ट सालच्या आगेमागे दोघं नागपूरला आली. प्रताप नगर तेव्हा नावालाच नगर होतं. काळी माती, बाभळी, चुन्यानं आखलेले प्लॉट आणि मध्येच कुठे अर्धवट उभ्या भिंती. कचेऱ्यांतले बाबू लोक तिथे घरं बांधत होते. धोंडबा विटा लावायचा आणि रुखमाबाई रेजा म्हणून रेती-गिट्टीची घमेली डोक्यावर वाहायची. बांधकामावर खपणाऱ्या बाईला तिकडे रेजाच म्हणतात.

आता रेजानं शिडी चढावी की मूल सांभाळावं? ठेकेदाराला रडणारं पोर खपत नसे. म्हणून कामाला लागण्याआधी प्रत्येक आई गाठोड्यातली डबी काढायची, मोहरीच्या दाण्याएवढी अफू बोटावर घ्यायची आणि लेकराच्या जिभेला लावायची. लेकरू दुपारच्या सुट्टीपर्यंत झोक्यात पडून राहायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. रुखमाबाईला तिच्या आईनं चाटवली, तिच्या आईला तिच्या आईनं, आणि त्या सगळ्या जगल्याच होत्या. शहाण्यांनी नाकं जरूर मुरडावीत, पण आधी एक दिवस ते घमेलं उचलून पाहावं.

रुखमाबाईचा लहानू तेव्हा नुकता रांगायला लागला होता. प्लॉटच्या कोपऱ्यात कडूनिंब होता, त्याच्या आडव्या फांदीला जुन्या लुगड्याचा झोका बांधलेला असे. झोक्याची दोरी ओढायचं काम जयवंताचं. जयवंता पाच वर्षांची. फ्रॉकला बटणं नाहीत, नाक वाहतंय, आणि कडेवर अर्धं अंग एका बाजूला झुकवील एवढा जाड भाऊ.

त्याच सुमाराला दोन प्लॉट पलीकडे, एका बांधून झालेल्या बंगल्याच्या व्हरांड्यात महिला मंडळानं बालवाडी काढली. सुमतीताई नावाच्या बाई ती चालवायच्या. बाई गोड होत्या, हे रुखमाबाईनं पुढेही कधी नाकारलं नाही. मजुरांच्या पोरांना त्या हाकलत नसत. गाणी म्हणायच्या, रंगीत मणी ओवायला द्यायच्या, उठताना मूठभर गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायच्या. जयवंतानं ते लांबून पाहिलं आणि तिचं निंबाखालचं लक्षच उडालं. भावाला कडेवर मारून ती रोज व्हरांड्याच्या पायरीशी जाऊन उभी राहायला लागली. लहानू मण्यांवर झडप घालायचा, रडायचा, सगळ्यांचं गाणं बिघडवायचा. मग सुमतीताई हसून म्हणायच्या, "बाळाला घरी ठेवून ये, मग बस हो." घर म्हणजे कुठलं घर? झोका तेच घर. संध्याकाळी जयवंता चुलीपाशी बसून बाईंच्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवायची. रुखमाबाईला हसू यायचं. मंग जाऊ नको, एवढंच ती म्हणाली. तेवढ्यावर तो विषय संपला असं तिला वाटलं.

नंतर स्लॅबचा दिवस आला. ज्यानं बांधकाम पाहिलंय त्याला सांगायला नको, स्लॅब टाकायला एकदा सुरुवात झाली की थांबता येत नाही. थांबलं तर सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी गळतं. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते, घमेलं या हातातून त्या हातात जातं, आणि रांगेतून कोणी हललं तर सगळं काम अडतं. रुखमाबाई सगळ्यात वर उभी होती. सकाळी तिनं लहानूला नेहमीइतकीच चाटवली होती. सूर्य माथ्यावर आला तेव्हा खालून त्याचं रडणं ऐकू आलं. तिचा जीव खाली ओढला गेला, पण हातात घमेलं आणि मागे दुसरं तयार. थोड्या वेळानं रडणं थांबलं. तिनं घाम पुसण्याच्या निमित्तानं खाली पाहिलं. झोका शांत होता, जयवंता दिसत नव्हती. आणि रुखमाबाईला बरं वाटलं. निजला बाप्पा, असं ती मनात म्हणाली. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त छळलं ते या बरं वाटण्यानं.

स्लॅब संपून ती उतरली तेव्हा दुपार कलली होती. हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले. झोक्यात लहानू डोळे अर्धे उघडे ठेवून पडला होता आणि त्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. गाठोडं सुटलेलं, डबी मातीत, झाकण बाजूला. तिनं त्याला उचललं तर मान मागे गेली. तिनं हाक मारली, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. तोवर व्हरांड्याकडून जयवंता उड्या मारत आली. हातात घोटीव कागदाचं लाल फूल होतं, गाल गुळानं चिकट. तिनं मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "मा, मी त्याले निजवलं. तुह्यासारखीच चाटवली. मंग बाईनं मले बसू देल्लं."

धोंडबा आणि बाकीचे लोक धावत येतच होते. रुखमाबाईनं ते सिमेंटचे हात तसेच पोरीच्या तोंडावर दाबले. इतके घट्ट, की पोरीचे फक्त डोळे दिसत राहिले. "तू काही नाही केलं," ती म्हणाली. "मीच देल्ली. दोनदा देल्ली. आयकलं? मीच." जयवंतानं मान हलवली. लोक पोचले तेव्हा रुखमाबाईनं त्यांनाही तेच सांगितलं, की आज स्लॅब होता, मधात उतरता येणार नव्हतं, म्हणून मी जास्त चाटवली. कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. अशी मुलं त्याआधीही गेली होती.

पुढचे काही महिने जयवंता अधूनमधून विचारायची, मा, लहानू माह्यामुळे तर नाही ना मेला? प्रत्येक वेळी रुखमाबाई हातातलं काम टाकून तिला जवळ घ्यायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच खोटी गोष्ट सांगायची. लहान पोराची आठवण ओल्या सिमेंटासारखी असते, वेळेत थापी फिरवली तर ठसा राहत नाही. हळूहळू जयवंतानं विचारणं सोडलं. मग ती स्वतःच ती गोष्ट तशी सांगायला लागली. ज्या दिवशी शेजारणीला तिनं सहज म्हटलं, की आमच्या मायनं चुकून जास्त देल्ली होती, त्या दिवशी रुखमाबाई चुलीपुढे बसून ओक्साबोक्शी रडली. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडली, की दुसऱ्या कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

या खोट्याची किंमत मात्र तिला पुरेपूर मोजावी लागली. धोंडबानं तिच्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या दिवसानंतर त्यानं तिच्या हातून पाणी घेतलं नाही. तहान लागली की स्वतः उठून माठात गडवा बुडवायचा. खोकून खोकून मरायला टेकला तेव्हाही त्यानं पोरीकडेच पाणी मागितलं. गावी बारसं असलं की जाऊ हिला सांगायची, बाई तू स्वयंपाकाकडे पाह्य, पाळण्यापाशी नको येऊ. रुखमाबाई मुकाट्यानं पोळ्या लाटत बसायची. एक वाक्य बोलली असती तर हे सगळं टळलं असतं. ते वाक्य तिनं गिळलं, आणि पोरीला मात्र ओढत, रागावत, कधी झोडपत शाळेत पाठवलं. पोरगी एक दिवस घरी राहिली तरी हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या व्हरांड्यावर बसण्यासाठी या घरानं काय दिलं होतं, ते हिलाच माहीत.

आणि झोका काही थांबला नाही. प्लॉटावर मधुकरराव नावाच्या कारकुनाचा बंगला उभा राहिला. निंब त्यांनी सावलीसाठी ठेवला. मजुरांच्या झोपड्या नाल्यापलीकडे सरकल्या, रुखमाबाईचं बिऱ्हाडही तिथेच. पण बांधकामाच्या वाटेवर तो निंब लागायचाच. फांदीला आता दोरी उरली नव्हती, तरी भर दुपारी, पानही हलत नसताना, तिथे दोरी करकरायची. तिनं एकदोघींना विचारून पाहिलं, तुले काही ऐकू येते काय? त्या म्हणाल्या, कुठं काय, तुह्या कानात वारं शिरलं. दुपारची वेळ वाईट असते असंही कोणी सुचवलं, एका भगताचं नाव सांगितलं. रुखमाबाई गेली नाही. लहानू तिला त्रास देत होता असं थोडंच होतं? तो नुसता झोक्यात पडून होता, रांगायच्याच वयाचा, एका वर्षानंही मोठा न झालेला, आणि दोरी ओढायला कोणी नव्हतं. ती उन्हानं भाजून निघायची पण त्या सावलीतून जायची नाही.

ऐंशीच्या पुढे वस्तीत सरकारी अंगणवाडी आली. जयवंता तोवर दहावी शिकलेली, लग्न झालेली, एका मुलाची आई. नवरा एस.टी.त कंडक्टर, रुखमाबाई त्यांच्याजवळच राहायची. जयवंताची निवड झाली, ती ट्रेनिंगला जाऊन आली, आणि जागा शोधता शोधता तिनं नेमकी मधुकररावांच्या मागच्या अंगणातली खोली भाड्यानं ठरवली. निंबासमोरची. रुखमाबाईनं दुसरी जागा पाहायला परोपरीनं विनवलं. जयवंता म्हणाली, लहानू जिथं गेला तिथंच अंगणवाडी पाहिजे. बिचारीचा हेतू चांगलाच होता.

तिथेच त्या सभा सुरू झाल्या. जयवंता गरोदर बायांना, लेकुरवाळ्या रेजांना जमवायची आणि अफू का देऊ नये ते समजावायची. बाया जांभया द्यायला लागल्या की ती आवाज उतरवून म्हणायची, माझा सख्खा भाऊ या झाडाखाली गेला. माझ्या मायनं त्याले दोनदा अफू देल्ली. ती अडाणी होती, तिचा दोष नाही. सगळ्या माना दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या रुखमाबाईकडे वळायच्या. ती होकारार्थी मान हलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? हिची मूठ महिन्याच्या महिन्याला चारचौघींसमोर आणखी आवळली जात होती, आणि त्याचं तिला समाधानही होतं. फक्त एक गोष्ट तिला सलायची. जयवंतानं स्वतःचं मूल तान्हं असताना आजीजवळ एकटं कधी सोडलं नव्हतं. पाण्याच्या नळावर जायचं तरी त्याला कडेवर घेऊन जायची.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्याआधी उत्तरा मॅडम, म्हणजे जयवंताच्या वरच्या पर्यवेक्षिका, सगळ्या सेविकांची बैठक घ्यायला आल्या. दिल्लीहून शिक्षणाचं नवं धोरण आलं होतं, त्यात लहान मुलांबद्दल पुष्कळ काही होतं. मॅडम समजावून सांगत होत्या, की मूल जन्मल्यापासून सहा वर्षांचं होईपर्यंत त्याचं सगळं मिळून पाहायचं, खाणं, आरोग्य, खेळ. मग त्या म्हणाल्या, "आणि मुली शाळेत का येत नाहीत? कारण त्यांच्या कडेवर लहान भावंडं असतात. म्हणून तिथे पाळणाघरं पाहिजेत, असं यात स्पष्ट म्हटलंय."

दाराशी रुखमाबाईचे तांदळातले हात थांबले. तिनं विचारलं, "हे कवा लिवलं, म्याडम?" मॅडमना कौतुक वाटलं. गेल्याच वर्षी, असं त्यांनी सांगितलं. वीस वर्षं! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. रुखमाबाई पुन्हा खडे शोधायला लागली, पण तिला तांदूळ दिसत नव्हते. म्हणजे ही गोष्ट दिल्लीलाही कळण्यासारखी होती. म्हणजे सुमतीताईंच्या व्हरांड्यात एक झोका बांधून भागलं असतं. हे इतकं साधं होतं.

इथे पाळणाघर कधी येणार, असं जयवंतानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, येईल ना, आदेश यायचाय. तोवर केंद्रात तीन ते सहाचीच मुलं बसवायची, त्यांच्याखालच्यांचा खाऊ घरी द्यायचा. तपासणीत तान्ही पोरं लोळताना दिसली तर शेरा बसेल. जयवंतानं मान डोलावली. ती नियमानं वागणारी बाई होती, नोकरी तिनं कष्टानं मिळवली होती.

पंधरवडा गेला असेल नसेल, जिजाबाई नावाच्या रेजाची कौतिका दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षांची पोर, कडेवर रांगता भाऊ. आत मुलं टाळ्या वाजवून गाणं म्हणत होती, तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. भाऊ रडायला लागला. जयवंता हसत पुढे आली. अंगणवाडीत मुलांशी ती पुस्तकी बोलायची. पोरीच्या गालाला हात लावून ती म्हणाली, "बाळाला घरी ठेवून ये, मग बस हो."

रुखमाबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. तांदूळ सगळ्या उंबऱ्यावर सांडले. कौतिका परत फिरली, निंबाखालून चालत दिसेनाशी झाली, आणि दोरी करकरायला लागली.

मुलं गेल्यावर रुखमाबाईनं विषय काढला. दोघांनाबी घे, ती म्हणाली. जयवंता म्हणाली, नियम नाही. एकाला घेतलं तर दहा येतील, आणि त्या दहांना कोण पाहील? मी पाहीन, रुखमाबाई म्हणाली. जयवंतानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. रुखमाबाई तरीही पदर खोचून जिजाबाईच्या झोपडीवर गेली, तुझं पोर मी सांभाळते म्हणाली. जिजाबाई सभेला येणारीच बाई. तिनं पोराला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "नको वं बाई. राग नको मानू, पण तुह्यापाशी नको."

खोटं असं उलटतं. ज्या गोष्टीनं तिनं एका पोरीला वाचवलं, त्याच गोष्टीनं दुसऱ्या पोरीची वाट अडवली. आता कोणाला समजवायचं तर खरं सांगणं एवढाच मार्ग होता. जयवंता वेणी घालत बसली असताना रुखमाबाई मागे जाऊन उभी राहिली, जयवंता, असं म्हणालीही. काय वं मा, म्हणून जयवंता वळली. तोच चेहरा होता, फक्त मोठा झालेला. रुखमाबाई म्हणाली, काही नाही, वेणी तिरपी जाते. आणि बाहेर येऊन बसली.

मग एका सकाळी कौतिका एकटीच आली. तोंड धुतलेलं, केस पाण्यानं चापून बसवलेले. ती सरळ पुढच्या ओळीत जाऊन बसली आणि मोठमोठ्यानं गाणं म्हणायला लागली. जयवंतानं तिला शाबासकी दिली. रुखमाबाईनं मागून येऊन पोरीचा खांदा धरला आणि भाऊ कुठे आहे म्हणून विचारलं. निजला, कौतिका म्हणाली. कोणं निजवला? पोरीनं अभिमानानं स्वतःचं बोट वर केलं आणि आपल्याच जिभेवर टेकवून दाखवलं.

रुखमाबाई धावली. ज्या सावलीत तिनं वीस वर्षं पाय ठेवला नव्हता, तिच्यातून सरळ धावली. मागून जयवंता ओरडत येत होती. नाल्यापलीकडे जिजाबाईच्या बांधकामावर, उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्यांना बांधलेल्या झोक्यात पोर पडलं होतं. रुखमाबाईनं नाकाखाली बोट धरलं. काही लागेना. मग अगदी थोडं, फुंकरीएवढं लागलं. तिनं तळपायांवर चापट्या मारल्या, पाण्याच्या टाकीत पदर बुडवून तोंडावर फिरवला, नाव माहीत नव्हतं म्हणून लहानू, लहानू अशी हाक मारत राहिली. जयवंतानं पोराला तिच्या हातातून घेतलं, दोघी सायकलरिक्षात बसल्या, कौतिकाही रडत चढली, आणि मोठा दवाखाना येईपर्यंत रुखमाबाईनं त्या पोराला हलवणं थांबवलं नाही.

पोर वाचलं. डॉक्टरांनी बराच वेळ खटपट केली, आणि शेवटी आतून ते रडणं ऐकू आलं. रुखमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तेवढ्यात जिजाबाई धापा टाकत आली, रेतीनं भरलेली, पोरीला पाहून कडाडली, "काय केलं तुनं त्याले?"

कौतिकानं तोंड उघडलं. मी तुह्यासारखीच चाटवली, असं ती म्हणतच होती. रुखमाबाई बसल्या जागेवरून झेपावली आणि तिनं दोन्ही हात पोरीच्या तोंडावर दाबले. पोरीचे फक्त डोळे दिसत राहिले. "तू काही नाही केलं," रुखमाबाई म्हणाली. मग जिजाबाईकडे मान वर करून म्हणाली, "तुह्याच हातून सकाळी जास्त पडली. पोरीले काही म्हणू नको. पोरीनं काही नाही केलं."

हे सगळं तिच्या हातांनी केलं. विचार तिनं केलाच नाही. केला असता तर समोर जयवंता उभी आहे हे तिला दिसलं असतं. जयवंता त्या हातांकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती. मग तिनं आपल्या पदरानं स्वतःचे ओठ पुसले. पुन्हा पुसले. तोंडावर काही खरखरीत चिकटलंय आणि निघत नाहीये, अशी ती पुसत राहिली.

घरी येताना दोघी पायीच आल्या. निंब दिसायला लागला तशी जयवंता थांबली.

"मा, त्या दिवशी तू स्लॅबवर होती ना?"

"मधात उतरली होती."

"स्लॅबच्या दिवशी कोणी उतरते काय?"

"मीच देल्ली," रुखमाबाई म्हणाली. "दोनदा देल्ली. तू लहान होती, तुले काय माहीत. पुन्हा इचारू नको."

जयवंता बरं म्हणाली. तिनं खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं अंगणवाडीच्या आढ्याला आपली जुनी साडी बांधून झोका केला आणि कौतिकाला निरोप पाठवला, की भावाला घेऊनच ये. शेरा बसायचा तर बसू दे. उत्तरा मॅडम आल्या, त्यांनी झोका पाहिला, जयवंताचा चेहरा पाहिला आणि त्या शेरा न लिहिताच परत गेल्या. पोर रडलं की जयवंता त्याला उचलून रुखमाबाईच्या मांडीवर ठेवायची आणि पाठ फिरवून कामाला लागायची. पुन्हा पुन्हा वळून पाहायची नाही.

पुढच्या सभेत बाया ती नेहमीची गोष्ट ऐकायला टेकून बसल्या. जयवंतानं अफूचं सगळं सांगितलं, पण झाडाची गोष्ट काढली नाही. एकीनं आठवण करून दिली, अवं, तुह्या मायचं सांग ना. जयवंता हातातला खडू मोडत उभी राहिली. माझ्या मायनं, एवढंच ती म्हणाली. दाराशी रुखमाबाई नेहमीसारखी मान हलवायला लागली होती. हो, सांग, मीच देल्ली. जयवंतानं मान खाली घातली आणि सभा संपली असं सांगितलं.

बाया गेल्या. मुलंही गेली. आढ्याचा झोका रिकामा, बाहेर ऊन पांढरं पडलेलं, वाऱ्याचं नाव नाही. रुखमाबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली, जयवंता खोली झाडत होती. निंबाच्या फांदीवर दोरी करकरली. रुखमाबाईनं सवयीनं मान वर केली.

खोलीतला झाडू थांबला होता. जयवंता दारात येऊन उभी होती आणि त्याच फांदीकडे पाहत होती. रुखमाबाई घाईनं म्हणाली, काही नाही वं, वारा हाय. जयवंता पायरी उतरून निंबाखाली गेली, झोक्याची दोरी जिथून लोंबायची तिथे हात वर केला, आणि हळूहळू, लहान पोर ओढतं तशी, ती रिकामी हवा ओढायला लागली.